आर्व्हो पॅर्ट यांचं ‘कानोन पोकायानेन’ : निगुलिस्ते चर्चमधलं ध्वनिमुद्रण

ओसरी

नमस्कार मंडळी.

गेले तीन आठवडे घर निजलं की मी एकच ध्वनिमुद्रण लावून बसते आहे. कुणाशी तरी बोलल्याशिवाय आता राहवत नाही, म्हणून हा धागा.

रचना एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पॅर्ट यांची. नाव ‘कानोन पोकायानेन’, म्हणजे अनुतापाचा कानोन. गाणारा वृंद एस्टोनियन फिलहार्मॉनिक चेंबर क्वायर, संचालन तोनू काल्युस्ते यांचं. जून १९९७ मध्ये ताल्लिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये हे मुद्रित झालं आणि पुढच्या वर्षी ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने दोन सीडींमध्ये काढलं. निर्माते मानफ्रेड आयशर. सगळं मिळून सुमारे ८३ मिनिटं. वाद्य एकही नाही. माणसांचे आवाज, आणि ते ज्या दगडी भिंतींवर जाऊन परत येतात त्या भिंती, एवढंच.

ज्यांना पॅर्ट नवे आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. जन्म १९३५चा, पाइडे या गावचा. तरुणपणी त्यांनी युरोपातल्या त्या वेळच्या नव्या, गणिती वळणाच्या, कानाला खरखरीत लागणाऱ्या संगीतात बरंच काम केलं. १९६८ साली त्यांच्या ‘क्रेडो’ या रचनेत ख्रिस्तावरच्या श्रद्धेचे लॅटिन शब्द उघड गायले गेले. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. मोठी खळबळ उडाली आणि ती रचना पुढे वाजवणंच बंद झालं. त्यानंतरची आठेक वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. जुन्या चर्चमधलं एकसुरी गायन, मध्ययुगातलं बहुस्वरी गायन यांचा वह्याच्या वह्या भरून अभ्यास केला. पूर्वेकडच्या चर्चच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स पंथात गेले ते याच काळात. १९७६ साली पियानोची दोन पानांची एक रचना घेऊन ते परत आले आणि पुढचं सगळं त्याच झऱ्यातून निघालं. १९८० मध्ये देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन.

‘कानोन’ म्हटल्यावर पाश्चात्त्य संगीत शिकलेल्यांना एकामागून एक तीच चाल उचलणारे आवाज आठवतील. इथे तो अर्थ नाही. कानोन हा पूर्वेकडच्या चर्चचा एक काव्यप्रकार. त्यात नऊ ओडी, म्हणजे गीतखंड, असतात आणि प्रत्येक ओड बायबलमधल्या एकेका गीतावर बेतलेली असते. पहिली तांबडा समुद्र ओलांडल्यानंतरच्या मोशेच्या गीतावर, नववी मरियेच्या गीतावर. सीडी हातात घेतली की पहिलीनंतर थेट तिसरी ओड दिसते आणि छपाईत काही राहिलं की काय असं वाटतं. राहिलेलं नाही. दुसऱ्या ओडीच्या मुळाशी मोशेचं जे गीत आहे ते फार कठोर, ताडन करणारं. त्यामुळे उपवासाचा काळ सोडला तर ती ओड गाळायचीच परंपरा आहे. हा मजकूर क्रीटच्या संत आंद्रेयास यांच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे सातव्या-आठव्या शतकातला. भाषा चर्च स्लाव्होनिक, म्हणजे रशियनच्या घराण्यातली जुनी, प्रार्थनेची भाषा.

कोलोनच्या कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ सालची. तिला ७५० वर्षं होत होती, त्या निमित्ताने ही रचना मागवली गेली. पॅर्ट यांनी त्यासाठी दोन वर्षांहून जास्त काळ घेतला. १७ मार्च १९९८ रोजी त्याच कॅथेड्रलमध्ये पहिला जाहीर प्रयोग झाला, याच वृंदाकडून. रचना त्यांनी काल्युस्ते आणि या वृंदालाच अर्पण केली आहे.

आता मला जे म्हणायचं आहे ते. पहिल्या ओडीत वृंद एक ओळ खड्या आवाजात म्हणतो आणि थांबतो. थांबतो म्हणजे आवाज बंद होत नाही. शेवटचं अक्षर वर जातं, छतापाशी फिरतं, पातळ होत होत विरतं. ते पुरतं विरायच्या जरासं आधी पुढचा शब्द येतो. मी घड्याळ लावून बसले नाही, पण प्रत्येक थांबा सारखा नाही एवढं नक्की. कुठे श्वासाइतका, कुठे त्याहून कितीतरी लांब. त्या जागांची मी आता वाट बघते. सुरांपेक्षा जास्त.

हे मला इतकं का लागलं याचं कारण माझ्याजवळच आहे. मी कीर्तनं, भजनं, गावातली पाठांतरं मुद्रित करून ठेवते. हौस म्हणून सुरू केलं, आता पंधरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी वाई तालुक्यातल्या एका गावी, दगडी सभामंडपात, तिन्हीसांजेला म्हटली जाणारी करुणाष्टकं मुद्रित केली. म्हणणाऱ्या सात बायका, तीन पुरुष, आठदहा पोरं. वाद्य नाही. घरी ऐकलं तेव्हा वाटलं, घुमतंय फार. म्हणून एका स्टुडिओत दिलं. त्यांनी घुमारा कमी केला, दोन कडव्यांमधल्या रिकाम्या जागा छाटून समान केल्या आणि सुबक, स्वच्छ फाइल परत दिली. मीच मागितलं होतं तसं. पण त्यानंतर ती फाइल मला कधीच पुन्हा लावावीशी वाटली नाही, आणि का ते कळत नव्हतं. निगुलिस्तेचं हे मुद्रण ऐकलं आणि पोटात कालवलं. मी त्या बायकांच्या डोक्यावरचं छप्परच काढून टाकलं होतं.

तुम्ही हे ऐकलं असेल तर सांगा, हे थांबे तुम्हाला कसे ऐकू येतात?

पेटीवाला

ओसरीताई, धागा वाचून लगेच लावलं. पहिल्या दोन ओडी झाल्या. सावकाश लिहीन म्हणत होतो, पण राहवेना.

पॅर्ट यांच्या पद्धतीला ‘टिंटिनाबुली’ म्हणतात. लॅटिनमध्ये छोट्या घंटांना जो शब्द आहे त्यावरून. ती पेटीवर दहा मिनिटांत समजते. उजव्या हाताने साधी सरळ चाल वाजवा : सा, रे, कोमल ग, म, प. उडी नाही, शेजारच्या सुरावरच जायचं. डाव्या हाताला मात्र तीनच सूर वापरायची परवानगी : सा, कोमल ग, प. नियम असा की उजवा हात जिथे असेल त्याच्या खालचा, सगळ्यात जवळचा, परवानगीतला सूर डाव्याने धरायचा. म्हणजे

उजवा सा, तर डावा मंद्र प.
उजवा रे, तर डावा सा.
उजवा कोमल ग, तरी डावा सा.
उजवा म, तर डावा कोमल ग.
उजवा प, तरी डावा कोमल ग.

सावकाश वाजवा आणि दुसऱ्या आणि चौथ्या जागी कान द्या. रे आणि सा शेजारी, म आणि ग शेजारी. तिथे सूर एकमेकांना घासतात. बाकीच्या जागी मोकळं होतं. एकाने पाऊल टाकायचं, दुसऱ्याने घरातच राहायचं. आणि त्यातून ताण कधी चढतो, कधी उतरतो. संगीतकाराने मुद्दाम दुःखाचा सूर वगैरे काही घातलेला नाही. नियमच तो घालतो. मी काल हे नातीला वाजवून दाखवलं, ती म्हणाली, “आजोबा, दुसरा सूर टोचतो पण तोच परत वाजवा.”

एक मात्र आहे. पेटीच्या पट्ट्यांवर ती घासण जरा कडक येते, कारण पेटीचे सूर ठोकून बसवलेले. या वृंदाला तशी सक्ती नाही. ते कोमल ग असा लावतात की खालच्या सा-प मध्ये तो विरघळतो. मग घासणही मऊ होते आणि सुटकाही खरी वाटते.

कातरवेळ

मी प्रामाणिकपणे लिहिते. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत बंद केलं. सगळं सारखंच वाटतं. एक ओळ, थांबा, एक ओळ, थांबा. भाषा कळत नाही, चाल लक्षात राहत नाही. तुम्हा सर्वांना त्यात जे दिसतंय ते मला दिसावं असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तरवारा

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं ताल्लिनमध्ये होतो. निगुलिस्तेबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण ती वास्तू या मुद्रणातली एक गायिका आहे असं मीही मानतो.

चर्च तेराव्या शतकातलं, संत निकोलस यांचं. व्यापारी आणि खलाशी यांचा हा संत. १५२४ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत जमाव शहरातली एकेक चर्चं फोडून मूर्ती, चित्रं जाळत होता. निगुलिस्तेच्या प्रमुखाने दारांच्या कुलपांत वितळवलेलं शिसं ओतून ठेवलं. कुलपं उघडेनात, आणि चर्च वाचलं. मला ही गोष्ट एका म्हाताऱ्या राखणदार बाईंनी दारापाशी उभं राहून सांगितली, हाताने शिसं ओतायचा अभिनय करत.

पण ९ मार्च १९४४ रोजी सोव्हिएत विमानांनी शहरावर बाँब टाकले तेव्हा ते जळालंच. पुढे कित्येक वर्षं दुरुस्ती चालली. मध्ये १९८२ साली मनोऱ्याला पुन्हा आग लागली. १९८४ पासून तिथे संग्रहालय आणि मैफलींची जागा आहे. आत बेर्न्ट नोट्के या चित्रकाराचं पंधराव्या शतकातलं ‘मृत्यूचं नृत्य’ आहे, म्हणजे उरलेला तुकडा, साडेसात मीटर लांबीचा. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा, आणि प्रत्येकाचा हात धरून नाचणारा सांगाडा. अनुतापाचा कानोन जिथे मुद्रित झाला तिथे भिंतीवर हे आहे. मी हिवाळ्यात एका शनिवारी तिथे ऑर्गन ऐकायला गेलो होतो. बाहेर दुपारी साडेतीनला अंधार, बूट ओले. वाजवणाऱ्याने बोटं उचलली, आणि कुणीही हललं नाही, कारण आवाज अजून संपलेला नव्हता. ओसरी, तुम्ही लिहिलंय तो थांबा मी तिथे अंगावर घेतला आहे.

आणखी एक. चर्चपासून टेकडीवर चढलं की तूम्पेआवर अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल लागतं. ते ऑर्थोडॉक्स, झारच्या काळातलं, १९०० साली पुरं झालेलं. कांद्यासारखे घुमट. कानोनची ही भाषा खरं तर तिथली. एस्टोनियन लोकांपैकी बहुतेकांचं घराणं लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. १९९१ मध्ये देश मॉस्कोच्या पकडीतून सुटला आणि सहाच वर्षांनी एस्टोनियन गायक, एकेकाळच्या कॅथलिक, मग लुथरन चर्चमध्ये उभे राहून, स्लाव्होनिक भाषेत दया मागत होते. ज्या देशाने गाण्याच्या उत्सवांतून आपलं स्वातंत्र्य मिळवलं (पहिला उत्सव १८६९चा, तार्तू शहरातला) त्या देशातल्या गायकांनी हे गायलं, याला काही वजन आहे. भाषेवर कुणाची मालकी नसते हे त्यांनी वाद न घालता दाखवून दिलं.

मध्यमग्राम

ओसरी, पेटीवाले काका, दोघांचंही लिखाण आवडलं. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पॅर्टवर बोलताना आपली माणसं हमखास तानपुऱ्याचं उदाहरण देतात. एक आवाज चालतो, दुसरा मूळ सुरांवर राहतो, म्हणजे तानपुराच की. नाही. नीट पाहिलं तर हे उलटं आहे.

तानपुरा गायक थांबला तरी चालू असतो. ख्याल गाणारा दोन आवर्तनं गप्प बसला तरी खाली सूर आहेच. आपल्या मैफलीत पुरती शांतता सुरू होण्याआधी असते आणि संपल्यावर. मध्ये ती नसतेच, तानपुरा ती येऊ देत नाही, आणि आपल्या रागाला ते हवंच असतं. पॅर्टमध्ये मात्र आधार देणारा आवाज चालीच्या आवाजाला बांधलेला. शब्द थांबला की दोघंही थांबतात. खाली धरायला काही उरत नाही. म्हणून ते थांबे आपल्या कानाला इतके उघडे पडतात. आपल्याला त्याची सवयच नाही.

दुसरं, शब्दांबद्दल. पॅर्ट चाल आधी करून तिच्यात शब्द बसवत नाहीत. शब्दात किती अक्षरं, आघात कुठे, वाक्य स्वल्पविरामाने थांबतं की पूर्णविरामाने, यावरून सूर किती आणि थांबा किती ते ठरतं. शब्दाने आपला सूर स्वतः शोधावा, अशी त्यांची भूमिका. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. लघु-गुरू नाही, मात्रा नाही, अक्षरं मोजायची. चौथा चरण आखूड आणि तिथे आपोआप थबकायला होतं. तुकोबांच्या ओळीत तो आखूड चरणच घाव घालतो. मोजणीतून भाव कसा येतो, हे मराठी वाचकाला नव्याने शिकवायला नको.

आणि एक विनंती. कुणी याला ‘पवित्र मिनिमलिझम’ म्हणू नका. ते लेबल समीक्षकांनी दुकानातल्या खणावर चिकटवल्यासारखं चिकटवलं आहे. त्यात पॅर्ट, गुरेत्स्की, टॅव्हनर असे अगदी वेगवेगळे संगीतकार कोंबले जातात.

भाषावेडी

मी संगीतातली नाही, पण पालुपदावर अडकले आहे. ‘पोमिलुय म्या, बोझे, पोमिलुय म्या.’ माझ्यावर दया कर, देवा, माझ्यावर दया कर. 

‘बोग’ म्हणजे देव. हाक मारताना त्याचं ‘बोझे’ होतं. आपण ‘देव’चं ‘देवा’ करतो तसं. ही संबोधन विभक्ती. आजच्या रशियनमधून ती जवळजवळ गेली आहे, अशा काही ठरावीक हाकांपुरती उरली आहे. मराठीत ती धडधडीत जिवंत आहे : देवा, आई, पोरा, बायांनो. इंग्रजीत भाषांतर वाचलं तर नाव तसंच्या तसं राहतं, हाक मारल्याचा बदल शब्दात दिसत नाही. मराठी माणसाला तो पटकन लागतो. आणि ‘बोग’ हा शब्द संस्कृतातल्या ‘भग’चा नातलग मानतात, ज्याच्यावरून ‘भगवान’.

ओळीची बांधणीही बघा. दया कर आधी, मग हाक, मग पुन्हा दया कर. हाक मध्ये ठेवली आहे, दोन्ही बाजूंनी विनवणीने धरून. @कातरवेळ, भाषा कळत नाही म्हणालात ना? नुसती ही एक ओळ ओळखीची करून घ्या. ती इतक्या वेळा येते की तिच्या बोटाला धरून पुढे जाता येतं.

शुभवर्तमान

मी अहमदनगरच्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. आमच्या मंडळीत ‘उपासना संगीत’मधली गीतं पेटी-तबल्यावर म्हटली जातात, त्यात रेव्हरंड टिळकांची पदं आहेत, आजीला कितीतरी तोंडपाठ होती. ऑर्थोडॉक्स परंपरा आमच्यासाठीही दूरची. तरी या मजकुराबद्दल दोन गोष्टी सांगतो.

एक, हा कानोन मुळात मैफलीचा नाही. ऑर्थोडॉक्स माणूस पापकबुलीच्या आणि पवित्र सहभागिता घेण्याच्या आधी तो तयारी म्हणून वाचतो. बऱ्याचदा घरी, एकटा, उभ्याने. म्हणून त्यात ‘मी’ आहे, ‘आम्ही’ नाही. पॅर्ट यांनी तो ‘मी’ तीसेक आवाजांच्या तोंडी दिला आणि तरी त्याची मिरवणूक होऊ दिली नाही, हे मला या रचनेतलं सगळ्यात अवघड काम वाटतं. एकल गायक पुढे काढला असता तर आपण त्याच्या गळ्याचं कौतुक करत बसलो असतो. इथे कौतुक करायला कुणी समोर येत नाही.

दुसरं, ज्या पालुपदावर भाषावेडी अडकल्या त्याचं मूळ दाविदाच्या स्तोत्रात आहे. आमच्या शास्त्रात ते ५१ वं, ऑर्थोडॉक्स क्रमांकाने ५० वं. आमच्याकडे ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ आहे. पण धाग्यात ओसरी यांनी ‘अनुताप’ लिहिलंय आणि मला तो जास्त बरोबर वाटला. पश्चात्ताप एकदा होऊन संपू शकतो. अनुताप मागोमाग येत राहतो. मूळ ग्रीक शब्द तर मन पालटण्याचा आहे, रडण्याचा नाही. आणि ध्वनिमुद्रणातही रडणं नाही. वडील गेले त्या वर्षी मला कुठलंही सांत्वनाचं संगीत सहन होत नव्हतं, सगळं अंगावर हात टाकायला आल्यासारखं वाटायचं. हे चाललं. हे काही न बोलता शेजारी बसून राहिलं.

कातरवेळ

सर्वांचे आभार. काल पालुपद धरून ऐकलं, पहिल्या सीडीच्या अखेरपर्यंत पोचले. आवडलं असं अजून म्हणणार नाही, पण बंद करावंसं वाटलं नाही. एक विचारते. स्वयंपाक करताना ऐकलं तर चालेल का? मला सलग ८३ मिनिटं बसायला मिळत नाही.

मध्यमग्राम

@कातरवेळ, त्यापेक्षा आधी पाच-सहा मिनिटांची त्यांचीच ‘दा पाचेम दोमिने’ ऐका. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले, त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी ती लिहायला घेतली. स्पेनमध्ये दर वर्षी त्या मृतांच्या स्मरणार्थ ती गायली जाते. मग ‘माग्निफिकात’, १९८९ची, सात मिनिटांच्या आसपास. तिथून कानोनच्या शेवटच्या भागाकडे, ‘कानोननंतरची प्रार्थना’. तो भाग एकटाही ऐकता येतो. कुकरच्या शिट्ट्यांत मात्र नको. तुम्हाला ऐकू येईल फक्त मोठा आवाज, आणि यातलं बरंचसं काम लहान आवाजात चालतं.

डॅनिएल रॉइस यांनी कॅपेला आम्स्टरडॅम या वृंदाकडून गाऊन घेतलेलं एक मुद्रणही आहे, २०१६चं, हार्मोनिया मुंडी कंपनीचं. तेही चांगलं आहे. पण मी या धाग्याच्या बाजूने आहे : निगुलिस्तेचं आधी.

ओसरी

मध्यमग्राम, तानपुऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी खुर्चीवरून उठले. धाग्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती, किंवा लिहायची लाज वाटली. स्टुडिओने घुमारा काढल्यावर मागे सगळं कोरडं, बोडकं वाटायला लागलं. म्हणून त्यांनी खाली तानपुरा घातला आणि मला विचारलं, कसं वाटतं. मी म्हटलं, छान. म्हणजे दगडी मंडपाने जे दिलं होतं ते काढलं आणि त्याच्या जागी यंत्रातला सूर भरला. त्या बायकांना तिथे तानपुऱ्याची गरजच नव्हती. एक कडवं संपलं की मंडप ते थोडा वेळ धरून ठेवायचा, आणि तो सोडेपर्यंत त्या पुढचं कडवं उचलायच्या नाहीत. कुणी शिकवलं नव्हतं. पुढे बसणाऱ्या आजी तर डोळे मिटून, मान किंचित वर करून ऐकत असायच्या, सूर कुठवर गेला ते. मी समोर बसून हे पाहिलं होतं आणि तरी छाटायला दिलं.

मूळ फाइल आहे माझ्याकडे. कपाटातल्या हार्ड डिस्कवर. उद्या काढते.

पेटीवाला

ओसरीताई, काढाच. आणि एक सुचवतो. पुण्यात असणाऱ्यांनी माझ्या घरी यावं, सगळे मिळून कानोन सलग ऐकू. दुपारी रस्त्याचा आवाज फार, तेव्हा पहाटे पाचला. स्पीकर बरे आहेत. फोन बाहेर ओट्यावर ठेवायचे. नंतर पोहे.

उत्तरवारा

मी येतो. 

भाषावेडी

मीही. मजकुराचं मराठी करते आहे, छापून आणते. पण दिवा लावायचा नसेल तर वाचणार कसं? की आधी वाचून मग ऐकायचं?

पेटीवाला

आधी वाचू. मग दिवा घालवू.

ओसरी

काल पहाटे झालं. आम्ही नऊ जण. भाषावेडी यांनी पहिली ओड आणि कोंडाक (सहाव्या ओडीनंतरचं छोटं स्तोत्र) मराठीत मोठ्याने वाचलं, बाकीचं ज्याने त्याने मनात. सव्वापाचला सुरू केलं. पहिली सीडी संपली तेव्हा काका अंधारात चाचपडत उठले, दुसरी घातली, परत येऊन बसले, आणि तेवढ्या वेळात कुणी घसाही खाकरला नाही. तिसऱ्या ओडीत मला झोप आली हेही लिहिते. सातव्या ओडीपाशी खिडकीतून उजाडायला लागलं. कातरवेळ आल्या होत्या, शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी माझा हात धरला होता.

संपल्यावर बराच वेळ तसेच बसलो. मग शुभवर्तमान म्हणाले, “आता तुमचं लावा.”

मी मूळ फाइल लावली. अकरा मिनिटांची आहे. निगुलिस्तेसारखे कमावलेले गळे नाहीत, एक बाई सतत थोड्या खाली लागतात, एक पोरगं अर्ध्या ओळीला जांभई देतं. पण पहिल्या कडव्यानंतर मंडपाने तो सूर धरला आणि काकांनी अंधारातच “हां” म्हटलं. सातव्या मिनिटाला वरच्या कोनाड्यातलं कबूतर उडतं. त्याच्या पंखांचाही घुमारा आहे. स्टुडिओच्या फाइलमध्ये ते कबूतर नाही.

त्या पुढे बसणाऱ्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या सुनेला ही मूळ फाइल आज पाठवली. इथे कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कानोनची सीडी काकांकडे आहे, तीही ते देतील. परत मात्र करा.